माकडाच्या हाती कोलीत

दिल्लीत मंगळवार आणि शनिवार हे मारुतीचे वार. त्या दिवशी रिजच्या जंगलाला लागून जाणाऱ्या रस्त्यांवर गाड्या कडेला थांबतात, डिक्या उघडतात आणि केळ्यांचे घड, भिजवलेले हरभरे, पाव बाहेर निघतात. भिंतीवरचे लालतोंडे माकड खाली उतरते आणि दोन्ही हातांनी हरभरे तोंडात कोंबत सुटते, पण चावत नाही. त्याच्या दोन्ही गालांच्या आत पिशव्या असतात. त्या फुगून मानेपर्यंत लोंबू लागल्या की ते झाडावर जाऊन निवांत बसते आणि हाताच्या पाठीने बाहेरून गाल दाबत एकेक दाणा दाढेखाली घेते. हे पाहणाऱ्यांपैकी एखाद्याला हटकून वाटते की निसर्गाने आपल्याला काय खायला सांगितले आहे याचे उत्तर समोरच बसले आहे: फळे, दाणे, पाला, आपले पूर्वज हेच खात होते, तेव्हा मांस ही नंतरची विकृती. दुसऱ्या बाजूचा गडीही तयारच असतो. चिंपांझी शिकार करतात, माकडे मारून खातात, आपल्याला सुळे आहेत, तेव्हा मांसाहार हाच आपला धर्म. शाकाहाराचा किंवा दूधही वर्ज्य करणाऱ्या व्हीगन आहाराचा वाद निघाला की दोन्ही पक्ष एकाच साक्षीदाराला पिंजऱ्यात उभे करतात. त्या साक्षीदाराची नीट उलटतपासणी केली, तर तो दोघांच्याही बाजूने बोलत नाही. तो जे सांगतो ते वेगळेच आहे, आणि माझ्या मते जास्त उपयोगाचे आहे.

आधी साक्षीदार कोण ते पाहू. मराठी भाषेने इथे शहाणपण दाखवले आहे: लालतोंडे ते माकड, काळतोंडे लांब शेपटीचे ते वानर. या दोघांत फरक नुसता तोंडाच्या रंगाचा नाही, पोटाचा आहे. वानराचे जठर अनेक कप्प्यांचे असते. जून पाला त्या कप्प्यांत जिवाणूंच्या मदतीने आंबतो आणि मग पचतो, जवळपास गाईच्या कोठ्यासारखा. माकडाला ही सोय नाही. त्याला फळे, बिया, कोंब, मुळे, किडे, अंडी असा निवडक माल लागतो, आणि म्हणूनच ते माणसाच्या वस्तीत इतके सहज रुळते. दिल्लीकरांनी या दोघांतले वैर फार वर्षे वापरले. सरकारी इमारतींभोवती माकडे हाकायला लंगूर, म्हणजे वानर, घेऊन फिरणारी माणसे होती. २०१२ च्या सुमारास वन्यजीव कायद्याच्या आधारे त्यावर बंदी आली, तेव्हा लंगुराचा आवाज काढणारी माणसे नेमली गेली, आणि २०२३ च्या सप्टेंबरात जी-२० परिषदेच्या वेळी तर चौकाचौकांत लंगुरांची रंगवलेली चित्रे उभी राहिली. एकाच शहरात राहणाऱ्या, एकाच देवाच्या नावाने हात जोडून घेणाऱ्या दोन प्राण्यांचे आहार जर इतके निराळे, तर ‘नरवानर गणाचा नैसर्गिक आहार’ असे काही एकवचनी असूच शकत नाही. या गणात गवतावर जगणारे इथिओपियातले गेलाडा आहेत, झाडांचा डिंक चाटून राहणारे मार्मोसेट आहेत, आणि टार्सिअर नावाचा एक मूठभर प्राणी तर वनस्पतीला तोंडच लावत नाही, फक्त किडे नि लहान जनावरे खातो.

त्यातही दिल्लीचे माकड हा साक्षीदार म्हणून सर्वांत कच्चा. मार्च २००७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शहरातली माकडे पकडून दक्षिण सीमेवरच्या असोला-भट्टी अभयारण्यात सोडावीत आणि तिथे त्यांच्या खाण्याची सोय करावी, असा आदेश दिला. त्याच वर्षी ऑक्टोबरात उपमहापौर एस. एस. बाजवा माकडांना हुसकावताना घराच्या गच्चीवरून पडून दगावले आणि हा प्रश्न जगभर पोचला. हजारो माकडे हलवली गेली, तरी शहर काही रिकामे झाले नाही, कारण शहरात केळे फुकट मिळते. आणि केळे हे तरी जंगलातले फळ कुठे आहे? रानकेळ्यात गर थोडा आणि दाताखाली कचकन येणाऱ्या काळ्या बिया भरपूर. बाजारातले बिनबियांचे, लुसलुशीत, साखरेने भरलेले केळे माणसाने हजारो वर्षे निवडून घडवले आहे. इंग्लंडमधल्या पेंटन प्राणिसंग्रहालयाने तर २०१४ मध्ये माकडांची केळी बंदच केली, कारण दात आणि वजन दोन्ही बिघडत होते. त्यांच्याऐवजी पालेभाज्या सुरू केल्या. म्हणजे रिजच्या भिंतीवर केळे सोलणारे माकड आपल्याला निसर्गाचा आहार दाखवत नाही. ते आपलाच आहार आपल्याला परत दाखवते.

बरे, माकड दूरचे नातेवाईक. आपली आणि त्यांची वाट फुटून अडीच-तीन कोटी वर्षे झाली. चिंपांझी जवळचा, साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीपर्यंत आपले घराणे एकच होते. मग त्यालाच विचारावे. १९६० मध्ये टांझानियातल्या गोंबे इथे जेन गुडाल यांनी चिंपांझीला मांस खाताना पाहिले, तोवर तो शाकाहारीच समजला जाई. आज आपल्याला माहीत आहे की तो कोलोबस माकडांची टोळीने शिकार करतो, काडीने वाळवी काढून खातो, पण त्याचे बहुतेक पोट पिकलेल्या फळांवर भरते. मांसाचा वाटा अगदी थोडा. दुसरा जवळचा नातेवाईक गोरिला. तो पाला, देठ, कोंब, फळे यांवर जगतो आणि मधूनमधून मुंग्या-वाळवी चाटतो. शाकाहारवादी गोरिला दाखवतो, मांसाहारवादी चिंपांझी, आणि दोघेही आपापल्या सोयीचा आतेभाऊ निवडतात. चिंपांझीचाच कित्ता गिरवायचा तर तो कधीकधी स्वजातीची पिल्लेही मारून खातो. ते उदाहरण मात्र कोणी पुढे करत नाही.

सुळ्यांचा मुद्दा वरचेवर निघतो, म्हणून त्याचा निकाल लावून टाकू. सुळा म्हणजे मांसाहार हे समीकरण नरवानरांत चालत नाही. गोरिला नराचे सुळे भीतिदायक असतात आणि तो पाला खातो. गवत खाणाऱ्या गेलाडा नराचे सुळे पाहून बिबट्यानेही विचार करावा. कस्तुरीमृगाला ओठाबाहेर येणारे सुळे असतात आणि तो तर हरणांच्या जवळचा. हे सुळे भांडायला आणि धाक दाखवायला असतात. आपले त्या मानाने फारच केविलवाणे. दातांवरून वंशावळ आणि जेवण दोन्ही ठरवण्याचा मोह शास्त्रज्ञांनाही आवरला नव्हता, आणि ती गोष्ट दिल्लीच्या उत्तरेलाच घडली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला हिमाचलातल्या हरितल्यांगर इथे शिवालिकच्या थरांत जी. ई. लुईस यांना वरच्या जबड्याचा एक तुकडा सापडला. त्याचे नाव ठेवले रामापिथेकस. दाढांवरचे जाड कवच, आखूड सुळे, एवढ्यावरून साठच्या दशकात तो माणसाचा थेट पूर्वज ठरला. कठीण दाणे चघळणारा आणि बहुधा हातात हत्यार धरणारा, इथपर्यंत कल्पना धावली. पुढे पाकिस्तानात त्याच्याच कुळातला चेहरा बराचसा शाबूत मिळाला आणि १९८२ मध्ये कळले की हे तर ओरांगउटानचे भाऊबंद. दाढ खरी होती, तिच्यावरून रचलेली कथा खोटी.

दातांपेक्षा आतडे जास्त खरे बोलते. गोरिला, चिंपांझी, ओरांगउटान यांच्या पचनमार्गात मोठे आतडे जवळजवळ निम्मे असते. तिथे पाल्याचा नि सालींचा चोथा आंबतो आणि जिवाणू त्यातून शक्ती काढून देतात. गोरिलाच्या बाबतीत तर निम्म्याहून अधिक ऊर्जा या आंबवणाऱ्या कोठीतून मिळत असावी असा अंदाज आहे. आपले उलटे आहे. कॅथरिन मिल्टन यांच्या मोजमापांप्रमाणे माणसाच्या पचनमार्गाचा निम्म्याहून जास्त भाग लहान आतड्याचा, मोठे आतडे सुमारे पाचवा हिस्सा. शिवाय आपल्या आकाराच्या नरवानराला जेवढे एकूण आतडे असायला हवे, त्याच्या साधारण साठ टक्केच आपल्याला आहे. ‘माणसाचे आतडे लांब, म्हणून तो शाकाहारी’ असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे: आपले आतडे मांजराचे नाही हे खरे, पण गोरिलाचेही नाही. ते अशा प्राण्याचे आहे ज्याच्या पोटात अन्न आधीच मऊ होऊन, अर्धे पचून येते. चिंपांझी दिवसातले सहा-सहा तास चावत असतो, आपले चावणे तासाभरात उरकते. उरलेले चावणे आपण कुणाकडून करून घेतो? जात्याकडून, पाट्या-वरवंट्याकडून आणि मुख्य म्हणजे चुलीकडून. हार्वर्डचे मानवशास्त्रज्ञ रिचर्ड रँगम यांचा सिद्धांत हाच आहे की शिजवण्याने माणूस घडला. विस्तव नेमका कधी हाती आला यावर मतभेद आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत सुमारे दहा लाख वर्षांपूर्वीच्या राखेच्या खुणा आहेत, त्याआधीचे पुरावे पुसट. पण विस्तवाने आपले आतडे लहान होऊ दिले आणि ते काम पातेल्याने उचलले, हे शरीरावरच लिहिलेले दिसते. मराठीत ‘माकडाच्या हाती कोलीत’ म्हणजे अनर्थ. उत्क्रांतीत मात्र चिंपांझी-गोरिलाच्या कुळातल्या एका कपीच्या हाती खरोखरच कोलीत लागले, आणि त्यातून आपण झालो.

याची परीक्षा जर्मनीत काही माणसांनी स्वतःवरच घेतली. गीसेन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९९ मध्ये केवळ कच्च्या अन्नावर राहणाऱ्या पाचशेहून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. पंचेचाळिशीच्या आतल्या बायकांपैकी सुमारे तीस टक्क्यांची मासिक पाळी अंशतः किंवा पूर्ण बंद पडली होती. ही माणसे रानात नव्हती, सुपरमार्केटातली बिनचोथ्याची गोड फळे, सुकामेवा आणि तेल त्यांना उपलब्ध होते. तरीही कच्च्यावर शरीर चालत नव्हते. माकडासारखे खा असे सांगणाऱ्याने आधी माकडाचे आतडे मागून आणावे.

इथे मांसाहारवादी म्हणेल की मग सिद्धच झाले, मांसाने मेंदू वाढला. या म्हणण्यात तथ्य आहे, ते टाळण्यात अर्थ नाही. सुमारे पंचवीस लाख वर्षांपूर्वीच्या हाडांवर दगडी हत्यारांच्या कापखुणा आहेत. लेस्ली आयेलो आणि पीटर व्हीलर यांनी १९९५ मध्ये मांडले की मेंदू हा खर्चिक अवयव परवडावा म्हणून आतडे आखडले, आणि ते आखडायला सकस अन्न लागले. त्या सकस अन्नात मांस होते. पण तेवढेच नव्हते. दक्षिण आफ्रिकेतल्याच बॉर्डर केव्हमध्ये एक लाख सत्तर हजार वर्षांपूर्वी भाजलेल्या पिष्टमय कंदांचे कोळसे सापडले आहेत. लाळेतले पिष्ट फोडणारे विकर ज्या जनुकापासून बनते, त्याच्या चिंपांझीत दोनच प्रती असतात. माणसात त्या बऱ्याच जास्त, आणि भात-कंद खाणाऱ्या समाजांत आणखी जास्त. मांसाने घडलेल्या शरीरात पिष्टासाठी इतकी तयारी कशाला असती? एक वारसा तर निखळ फळा-पाल्याचा आहे: माकडे, कपी आणि आपण, कुणालाच क जीवनसत्त्व स्वतः तयार करता येत नाही. जनुक कोट्यवधी वर्षांपूर्वी मोडले आणि ताटात फळे-पाला एवढा होता की त्या वेळी कुणाचे काही अडले नाही. पेरू-आवळ्याची गरज आपल्याला त्या जुन्या मोडतोडीमुळे आहे. आणि समजा, मांसानेच आपण माणूस झालो असू, तरी शिडी चढून गच्चीवर आल्यावर शिडी खांद्यावर घेऊन फिरावे लागत नाही. पूर्वज काय खात होते हा इतिहास आहे. आज काय खावे याचा हुकूम त्यातून निघत नाही.

आता दिल्लीच्या घरातला राजमा पाहा. रविवारी दुपारी राजमा-चावल म्हणजे या शहराचे अर्धे सुख. हा दाणा मूळचा अमेरिका खंडातला, हिंदुस्थानात गेल्या काही शतकांत आलेला. तो आदल्या रात्री पातेल्यात भिजत घालतात. सकाळी तो फुगून दुप्पट होतो, पाणी लालसर होते, वर फेस धरतो. ते पाणी ओतून देतात, नवे घालतात, कुकरला चांगल्या शिट्ट्या करतात, दाणा बोटांत दाबला की विरघळला पाहिजे. हे सगळे चवीसाठी आहे असे वाटते, पण कच्च्या राजम्यात लेक्टिन जातीचे एक विष असते. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या-जुलाब लावू शकतात, आणि मंद आचेवर अर्धवट शिजला तर धोका वाढतो. खळखळून उकळला की विष निकामी होते. म्हणजे शाकाहाऱ्याच्या ताटातला हा प्रथिनांचा राजा माकडाच्या दृष्टीने अन्नच नाही. वनस्पती पळू शकत नाहीत, म्हणून विष, चोथा, कडू रस असे बचाव बाळगतात. शिजवण, भिजवण, मोड, आंबवण, दळण हे ते बचाव मोडण्याचे मार्ग. मटकीला मोड आणणारी आजी, पीठ आंबवून आंबोळ्या घालणारी कोकणातली काकू आणि भातावर वरण घेऊन दोघांतली उणी अमिनो आम्ले एकमेकांनी भरून काढणारा प्रत्येक मराठी माणूस, यांपैकी कुणीही ‘नैसर्गिक’ खात नाही. शाकाहार हा माणसाच्या हातचा सर्वांत कृत्रिम, सर्वांत कसबी आहार आहे. मी हे निंदा म्हणून लिहीत नाही.

हे कसब इथल्या मातीत किती जुने, त्याचा पुरावा राजधानी क्षेत्रातच आहे. रोहतक जिल्ह्यातल्या फरमाणा इथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी २००६ पासून काही हंगाम हडप्पा काळातले गाव आणि दफनभूमी उकरली. तिथल्या भांड्यांवर आणि माणसांच्या दातांच्या किटणात अरुणिमा कश्यप व स्टीव्ह वेबर यांना हळद आणि आले यांचे पिष्टकण मिळाले. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दातांवर हळद! मात्र याच फरमाण्याच्या आणि मेरठ जिल्ह्यातल्या आलमगीरपूरच्या खापरांत मुरलेल्या चरबीचा अभ्यास अक्षयता सूर्यनारायण यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात डुकराच्या आणि गुराढोरांच्या मांसाचे अंश निघाले. ‘आपले पूर्वज शुद्ध शाकाहारी’ म्हणणाऱ्याला एका भांड्याने उत्तर दिले आणि ‘मसाला-भाजी नंतरची’ म्हणणाऱ्याला दुसऱ्याने.

पुढे याच पट्ट्यात वेगळेच घडले. २०१४ च्या नमुना नोंदणी पाहणीत हरयाणातले सुमारे ६९ टक्के लोक शाकाहारी निघाले. मांस सोडणे त्यांना परवडले ते दुधामुळे. हरयाणात दरडोई दूध दिवसाला किलोहून जास्त उपलब्ध आहे, महाराष्ट्रात तीन-साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. आणि दूध हे तर सर्वांत माकडाबाहेरचे अन्न: रानातले कोणतेही मोठे झालेले माकड किंवा कपी दूध पीत नाही, दुसऱ्या जातीच्या जनावराचे तर नाहीच. वायव्य भारतातल्या बऱ्याच लोकांत मोठेपणीही दूध पचवू देणारा जनुकबदल आढळतो, तो गुरे पाळल्यावर पसरलेला.

दूधही सोडणाऱ्याची खरी अडचण इथे येते, आणि तिचे नाव ब-१२. हे जीवनसत्त्व ना झाड बनवते ना जनावर, फक्त जिवाणू बनवतात. गाईला ते कोठ्यातल्या जिवाणूंकडून मिळते, आपल्याला गाईकडून. गोरिलाला मातीतून, किड्यांतून, स्वतःची विष्ठा खाण्यातून ते मिळत असावे. निसर्ग हवा असेल तर ही त्याची पद्धत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये गाव, झोपडवस्ती आणि शहरी मध्यमवर्ग अशा तिन्ही थरांतल्या ४४१ पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली; ६७ टक्क्यांत ब-१२ कमी होते. दूध वर्ज्य न करणाऱ्यालाही ते सहज पुरत नाही, चहापुरत्या दुधात तर नाहीच. दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एवढ्याशा गोष्टीसाठी साधारण अर्धा लिटर दूध लागते, नाहीतर एक स्वस्त गोळी.

यावर शेवटचा आक्षेप ठरलेला: ज्या आहाराला गोळी लागते तो आहारच खोटा. पण मग मिठात आयोडीन घालतो त्याचे काय? कुकर तरी कुठे झाडाला लागतो? २०२१ मध्ये रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ मिसळण्याची योजना जाहीर झाली, आणि तो भात खाणाऱ्याला कोणी अनैसर्गिक म्हटले नाही. गोळीतले ब-१२ टाक्यांमध्ये वाढवलेल्या जिवाणूंकडूनच येते. म्हणजे गोरिलाच्या आतड्यातली कोठी आपण बाहेर आणून पोलादी केली, जसे चावणे जात्यावर आणले होते. गाईची कणव, पाण्याची चिंता, धर्म किंवा नुसती आवड, यांपैकी कोणत्याही कारणाने कुणी दूध-मांस सोडावे. त्या कारणांना माकडाच्या दाखल्याची गरज नाही. त्याने विचारायचे ते इतकेच की माझ्या स्वयंपाकघरात कोणते काम राहून गेले आहे. दिल्लीत मुख्यालय असलेल्या अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ च्या नियमांत व्हीगन पदार्थांसाठी हिरवे बोधचिन्ह ठरवले. ते चिन्ह पुडीत काय नाही ते सांगते. ब-१२ आहे की नाही, ते मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेले असते, आणि मंगळवारी रिजच्या भिंतीवर तशीच पुडी दातांनी टराटरा फाडणाऱ्याला ते वाचायची गरज पडत नाही. संध्याकाळी तो दगड उलटून खालचे किडे टिपतो.